शेती फीडरवर रुजू झालेल्या सूर्यनारायणास

प्रति,
मा. सूर्यनारायण,
नवनियुक्त वीजपुरवठादार, शेती फीडर.

विषय : दिवसपाळीवर रुजू झाल्याबद्दल अभिनंदन आणि चार्ज घेण्यापूर्वी चार सूचना.

महोदय,

आपण आमच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या बिनपगारी राबत होता. त्याची नोंद कुठल्याच दप्तरी नव्हती. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, राळेगणसिद्धीला सुरुवातीचा प्रकल्प उभा राहिला आणि सरकारदरबारी आपलं नाव लागलं. उशिरा का होईना, ऑर्डर निघाली. अभिनंदन!

2023 साली योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि आपला भाव आणखी वधारला. आपल्या पॅनेलला जमीन दिली की हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. आपण ज्वारीच्या ताटावर पडलात तर फुकट आणि काचेवर पडलात तर सव्वा लाख, हा न्याय ज्वारीने अजून मनावर घेतलेला नाही, हे आपलं नशीब.

आपल्या आधी या जागेवर रात्रीची थ्री फेज बाई होती. तिची रीत कानावर घालतो. आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री असं तिचं वेळापत्रक. रात्री बाराला ती आली की गमबूट घालायचे, बॅटरी आणि काठी घ्यायची आणि कांद्याला पाणी द्यायला निघायचं. अंधारात वाफा भरला की नाही ते पाण्याच्या आवाजावरून ओळखायचं. मध्येच घुशीचं बीळ लागलं की पाणी शेजाऱ्याच्या बांधात. उजाडल्यावर कळतं की चार वाफे तुंबलेत आणि पुढचे सहा कोरडेठाक. दिवसा एकट्याने उरकणाऱ्या कामाला रात्री दोघं लागतात : एक दारं मोडायला, दुसरा बॅटरी धरायला. जुन्नरकडे तिसराही लागतो, बिबट्याकडे बघायला.

बाई नेमकी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो बसवला. आता ती आली रे आली की डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फ्यूज उडतो. कुणीतरी अनुभवी माणूस त्या जागी जाड तार गुंडाळतो. मग फ्यूज उडत नाही, डीपीच जळते. ती वाचलीच तर व्होल्टेज बसतं, मोटर जास्त करंट खेचते आणि कॉईल जाते. मग मोटर विहिरीतून वर काढा, तालुक्याला नेऊन भरून आणा. तोवर गहू ओंबीत आलेला असतो. त्याला ऑटो नसतो, तो थांबत नाही.

यावर सरकारने उपाय काढला : एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ. उपकार आहेत. पण मोटर भरून देणारा अजून माफीला तयार नाही आणि रात्रीच्या दुसऱ्या गड्याची मजुरीही कुणी माफ केलेली नाही. वीज फुकट मिळाली म्हणून एकरी उतारा वाढत नाही. ती दिवसा, ठरल्या वेळी आणि पुऱ्या दाबाने आली तर वाढतो. म्हणून तर आपल्याकडे डोळे लावलेत.

आता सूचना.

एक : वेळ पाळा. आपली ख्याती आहेच, पण सरकारी नोकरीत भल्याभल्यांची सवय मोडते.

दोन : आपला जोर भर दुपारी, आणि पिकाला पाणी सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात मानवतं. ठिबक नसेल तर आपण एका हाताने उपसलेलं पाणी दुसऱ्या हाताने वाफ करून न्याल.

तीन : ढगाआड रजेवर जाण्याआधी बदली माणूस द्या. फीडरवरच्या प्रकल्पाला ग्रिडचा आधार असतो. बांधावरच्या एकट्या पंपाला नसतो.

चार : पॅनेलवरची धूळ पुसायला आम्ही हजर आहोत. तेवढं ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेकडे आमचं नाव सांगा. दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातींना पाच. मागेल त्याला मिळेल, असं नावातच आहे. कधी मिळेल, हे नावात मावलं नसावं.

कळावे, लोभ आहेच. उन्हाळ्यात थोडा कमी केला तरी चालेल.

आपला,
एक पाच एचपी ग्राहक

ता. क. : बिल नाही, रात्रीची जागरणं नाहीत, म्हटल्यावर मोटर दिवसभर चालणार. विहिरीला मात्र कुणी विचारलेलं नाही. आपण पाणी उपसून द्याल; पण तळ लागला की फुकट वीज, दिवसाची वीज आणि पुऱ्या दाबाची वीज यांत काडीचा फरक राहत नाही. तेव्हा पंप मंजूर करायला साहेब येतील, त्यांना आधी विहिरीत डोकावायला सांगा. उजेड आपण धराच.