सरळ रेषेस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती सरळ रेषा,
मुक्काम: मुंबई ते दिल्ली, दरम्यान.

विषय: आपल्या लांबीमुळे प्रवाशांत पसरणाऱ्या गैरसमजाबाबत.

महोदया,
स. न. वि. वि.

मुंबई आणि दिल्ली येथील विमानतळांमधील अंतर सुमारे 1,140 किलोमीटर असल्याचे आपल्या वतीने सांगितले जाते, आणि गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग, ज्यास बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात, तोच आपला देह असल्याने या आकड्याविषयी वाद नाही. (स्वतः कंस असूनही ‘सरळ’ हे नाव मिरविण्याची आपली सवय येथे क्षम्य मानली आहे.) तक्रार आहे ती या आकड्यास ताशी 830 किलोमीटर या वेगाने भागून 1 तास 22 मिनिटे असे उत्तर काढणाऱ्या आणि मग तिकिटावर छापलेल्या सव्वादोन तासांकडे संशयाने पाहणाऱ्या प्रवाशांबद्दल, ज्यांना हा भागाकार करण्याची चिथावणी आपणच दिलेली आहे.

वस्तुतः वेळापत्रकातील वेळ ही उड्डाणाची नसतेच. विमानाच्या चाकांपुढील ठोकळे काढल्यापासून ते मुक्कामी पुन्हा लावले जाईपर्यंतचा काळ तीत मोजला जातो, म्हणजे धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, तेथील रांग, चढण, उतरण आणि आकाशातील घिरट्या हे सर्व तिच्या पोटात येते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे त्या दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि अशा स्थितीत त्या विमानतळाने डिसेंबर 2018 मध्ये एका दिवसात 1,007 उड्डाणे व अवतरणे हाताळली असतील, तर आपल्या टोकाशी पोहोचलेल्या विमानास थोडे ताटकळावे लागणे यात आपला अवमान झाला असे समजू नये. शिवाय ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलेले विमान वेळेवर आले असे मानण्याचा निकष रूढ असल्याने, वेळापत्रकात आधीच काही मिनिटांची भर घालून ठेवली म्हणजे उशिरा निघालेले विमानही वेळेआधी पोहोचते आणि त्याबद्दल प्रवाशांचे अभिनंदन करणारी घोषणाही करता येते. ही युक्ती आपल्या भूमितीत बसत नसल्यास तो दोष भूमितीचा आहे.

आपल्या प्रतिष्ठेस खरा धक्का मात्र 2016 साली बसला, जेव्हा एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेण्यास आरंभ केला. हा मार्ग हजारांहून अधिक किलोमीटरने लांब असूनही, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिउंचावर वेगाने वाहणारे वारे, म्हणजेच जेट प्रवाह, पाठीशी मिळाल्याने प्रवासाचा वेळ उलट घटला. त्या मार्गावर आपल्या भगिनीस कोणी विचारलेही नाही.

तरी यापुढे आपण शालेय नकाशांपुरते वास्तव्य करावे आणि विमानतळावरील फलकांच्या आसपास फिरकू नये, अशी विनंती आहे. कळावे.

आपले,
विमानांचे वेळापत्रक

ता. क. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हा लोहमार्ग 1,384 किलोमीटरचा, म्हणजे आपल्याहून बराच ऐसपैस आहे; घरापासून विमानतळापर्यंतचा आणि सुरक्षा तपासणीचा वेळ मात्र त्याच्याशी तुलना करताना कृपया जमेस धरू नये.