काहीही न होण्याचा खर्च

कोल्हापुरात कुत्र्याचं नाव ठेवताना कुणी हात आखडता घेत नाही. शेरा, टायगर, राजा, सरकार, याच्या खाली आम्ही उतरतच नाही. खाण्यातही तेच. रविवारी चार माणसांचं मटण शिजतं तेव्हा पाचवा वाटेकरी दारात बसलेला असतो आणि नळीवर पहिला हक्क त्याचा. एवढा जीव लावणाऱ्या माणसाला सहज विचारा, "शेराला गोचिडाची गोळी दिली का हो?" तो आधी शेराकडं बघतो, मग तुमच्याकडं, आणि म्हणतो, "का? काय झालंय त्याला?"

काही झालेलं नसतं. होऊ नये म्हणूनच गोळी असते. पण हे गणित आमच्या गावाला पटवणं अवघड. संकट आलं की कोल्हापूरकरासारखा गडी नाही. 2019 च्या पुरात इथली तालीम मंडळं कशी धावली ते अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं. मात्र संकट यायच्या आधी काही करायचं म्हटलं की आमचा उत्साह मावळतो. जो समोर दिसतच नाही त्याच्याशी कुस्ती धरायची कशी? रोख पैसे मोजायचे आणि त्या बदल्यात काहीही घडणार नाही, हा व्यवहार आम्हाला चक्क फसवणुकीचा वाटतो.

आमच्या घरच्या कुत्र्याचं नाव सुभेदार. नावामुळं घरात सगळेच त्यांना अहो-जाहो करतात. पाय लांब, कंबर बारीक, तोंड निमुळतं. एवढ्या भांडवलावर ते 'मुधोळमधले' असल्याचं गल्लीनं परस्पर जाहीर केलं आहे. कोल्हापुरात अंगानं सडपातळ असलेलं प्रत्येक गावठी कुत्रं मुधोळमधलंच असतं. खरी मुधोळ जात पलीकडच्या बागलकोट जिल्ह्यातली. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ती इंग्लंडच्या राजापर्यंत पोचवली आणि 2005 साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं. सुभेदार लक्ष्मीपुरीत एका बंद पडलेल्या टेम्पोखाली जन्मले. अर्थात गोचीड कुणाची वंशावळ बघत नाही.

गोचीड निघाला की गल्लीत वैद्यांची वाण पडत नाही. शेजारच्या आबांचा सगळा भर रॉकेलवर. आजच्या काळात त्यांच्याकडं रॉकेलची बाटली येते कुठून, हे विचारायचं नसतं. समोरच्या वहिनी कडुनिंबाच्या पक्षातल्या. "मी दर आठवड्याला पाला उकळून अंघोळ घालतो की त्याला," असं त्या अस्सल कोल्हापुरी बायकांच्या थाटात सांगत असतात आणि त्याच वेळी त्यांचा टायगर मागच्या पायानं मान खाजवत असतो. मंडळाच्या पोरांचं म्हणणं, तांबडा रस्सा पिणाऱ्या कुत्र्याला गोचीड लागतच नाही, रक्तच तिखट होतंय. आता कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, हे डॉक्टरांनी त्यांना दोनदा सांगून झालं. म्हणजे रश्शानं गोचीड मरत नाही, फक्त त्याचं निम्मं काम रस्साच करून टाकतो.

सगळ्यात धोक्याचा सल्ला मात्र गोठ्यातून येतो. आमचा जिल्हा दुधाचा, त्यामुळं गोचीड हा इथला जुना हिशेबी वैरी. सडापाशी राहूनही दूध सोडून रक्त पिणारा प्राणी म्हणून ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात त्याची नोंद आहे. तर दूधवाले मामा म्हणतात, "म्हशीला मारतोय तेच मारा की थोडं." हे 'थोडं' म्हशीच्या मानानं थोडं असतं. गोठ्यातल्या बाटलीत बऱ्याचदा आयव्हरमेक्टिन असतं. जपानमध्ये इतो शहरात गोल्फच्या मैदानाजवळची माती सातोशी ओमुरा यांनी उचलली, त्या मातीतल्या जिवाणूतून या औषधाचा उगम झाला आणि 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. औषध थोरच. पण कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांच्या मेंदूत ते शिरतं आणि नेहमीच्या जनावरी मात्रेतही कुत्रं आडवं होतं. सायपरमेथ्रिनची फवारणी घरच्या मांजराच्या जिवावर बेतू शकते, ते वेगळंच. कुत्र्याला कुत्र्याचं औषध, तेही त्याच्या वजनावर आणि डॉक्टरांना विचारून. इथं मामांचा अनुभव कामाचा नाही.

आता आबांचा रविवारचा कार्यक्रम सांगतो. आबा कट्ट्यावर बसतात, सुभेदारांचं डोकं मांडीवर घेतात आणि कान उलटा करतात. आतल्या बाजूला केस विरळ होऊन गुलाबी कातडी लागते, तिथं दोन चपटे, तांबूस नर आणि त्यांच्या मधोमध करड्या रंगाची, टम्म फुगलेली मादी. तिचे पाय आता नावालाच दिसतात. आबा तिच्यावर रॉकेलचा थेंब सोडतात, चिमटीत धरून पिळतात, हिसका देऊन उपटतात आणि अंगणात भिरकावतात. "गेली!" सुभेदार डोळे मिटून हे सगळं सोसतात, कारण नंतर बिस्कीट असतं.

गेली खरी, पण गेली कुठं? रक्त पिऊन भरलेली मादी एरवी स्वतःच गळून पडते, एखादी फट शोधते, तिथं हजारो अंडी घालते आणि मग मरते. आबा तिचे फक्त कुत्र्यावरून उतरायचे कष्ट वाचवतात. अंड्यांतून सहा पायांची बारकी पिल्लं निघतात, कुत्र्यावर चढतात, पोट भरलं की उतरतात, कात टाकतात, आठ पायांची होऊन पुन्हा चढतात. पुरता गोचीड व्हायच्या आत दोनदा आणि झाल्यावर आणखी एकदा, असे तीन वेळा ते कुत्र्याच्या अंगावर जातात. मधल्या काळात काही न खाता महिनोन्‌महिने भिंतीत बसून राहायची त्यांची तयारी असते. डॉक्टर एका वाक्यात म्हणाले, "अंगावर दिसतात ते पाहुणे. घरमालक भिंतीत आहेत."

शिवाय कुत्र्यावरचा हा गोचीड वर चढायच्या स्वभावाचा. आम्ही चौकट बघितली, पायरी बघितली, सुभेदारांचं पोतं उन्हात टाकलं. मग सौभाग्यवतींनी भिंतीवरचं कालनिर्णय उचललं. त्यावर गॅस सिलिंडर कधी लावला, दुधाचे खाडे किती, चतुर्थी कधी आणि पहिल्या आठवड्यात लाल पेनानं 'सुभेदार – गोळी', अशी सगळ्या घराची व्यवस्था होती. आणि त्या पानाच्या बरोबर मागं, खिळ्याच्या भोवती, आमच्या व्यवस्थेला पाठ लावून एक अख्खं गोचीडकुल नांदत होतं.

त्या दिवशी आबांनाही रीतसर पद्धत दाखवून झाली. बारीक चिमट्यानं अगदी कातडीलगत पकडायचं आणि सरळ वर ओढायचं. पिळायचं नाही, नखावर चिरडायचं नाही, उदबत्तीनं डागायचं नाही, रॉकेल तर नाहीच. निघाला की स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. आबांना त्यातली बाटली तेवढी मनापासून आवडली. ती आता त्यांच्या शोकेसमध्ये नातवाच्या कुस्तीच्या ढालीशेजारी असते आणि आल्यागेल्याला दाखवली जाते.

हसण्यावारी न्यायचं नाही ते एवढंच. पलीकडच्या गल्लीतल्या 'वाघा'नं पावसाळ्यात खाणं सोडलं. पावसाळी हवेनं असेल म्हणून दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं. गोचिडाच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचे जिवाणू रक्तात शिरतात, प्लेटलेट घसरतात. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन, वारंवार रक्ततपासणी. वाघ वाचला, पण उन्हाळ्यापर्यंत त्याच्या अंगावर मांस धरलं नाही. त्या बिलात कितीतरी महिन्यांच्या गोळ्या आल्या असत्या. गंमत म्हणजे त्या बिलाची मालकाला कुरकुर नाही. झालं होतं ना काहीतरी!

जंतांचं प्रकरण थोडक्यात आटपतो, कारण हे जेवताना कुणी वाचत असेल. पिल्लाला जंत आईच्या पोटातून आणि दुधातूनच मिळतात, म्हणून दोन आठवड्यांचं झालं की औषध सुरू करायचं आणि मोठ्या कुत्र्यालाही साधारण दर तीन महिन्यांनी द्यायचं. खाज आली म्हणून अंग चावताना कुत्रं पिसू गिळतं, त्या पिसवेतून पट्टकृमी पोटात जातो. म्हणजे पिसवा तशाच ठेवून नुसतं जंताचं औषध देणं फुकट. जंतांची अंडी अंगणातल्या मातीत पडतात आणि त्याच मातीत आपली पोरं खेळतात. शाळेत 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिनाची गोळी चघळून आलेल्या आमच्या धाकट्यानं सुभेदारांना वाकडं तोंड करून दाखवलं होतं. सहानुभूती असावी.

राहिली गोळी देण्याची गोष्ट. आता मिळणाऱ्या काही गोळ्या महिनाभर पुरतात, काही बारा आठवडे. फेफऱ्याचा इतिहास असेल तर त्या देण्याआधी डॉक्टरांना सांगावं लागतं. औषध रक्तात असतं, त्यामुळं गोचीड चावल्याशिवाय मरत नाही. गोळीनंतर एखादा दिसला म्हणून "औषध भेसळीचं" असं दुकानदाराला ऐकवू नये. मानेवर सोडायचं औषध घेतलं तर ते केस बाजूला करून कातडीवर सोडावं आणि पुढचे दोन दिवस कुत्र्याला रंकाळ्यात उतरू देऊ नये. सुभेदारांसाठी कंपनीनं गोळीला मांसाचा वास दिला आहे. सुभेदारांनी कोल्हापुरी मटण खाल्लेलं असल्यामुळं ते त्या वासाला फसत नाहीत. शेवटी बिनमसाल्याच्या उकडलेल्या मटणाच्या फोडीत गोळी दडवली. फोड गेली, गोळी फरशीवर टक्क वाजली. दुसऱ्या फोडीला पुन्हा टक्क. तिसऱ्या वेळी आबा शेजारच्या कट्ट्यावरून गरजले, "टायगर, ये रे, तुला देतो!" सुभेदारांनी गोळी, फोड आणि माझ्या बोटाचं टोक एका दमात आत घेतलं.

तेव्हा मंडळी, तुमच्या शेराला आज काही झालेलं नसेल तर उत्तम, आजच डॉक्टरांकडं जा. परत आल्यावर पुढच्या गोळीची तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि लिहायच्या आधी ते कॅलेंडर एकदा खिळ्यावरून काढून मागची भिंत बघून घ्या.