बासष्ट टक्केवाल्यांच्या तक्रारी

२०२५च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले आणि २८५ जण नेमक्या पस्तीस टक्क्यांवर पास झाले. हे दोन्ही आकडे सगळीकडे छापून आले. शंभरवाल्यांना अभ्यासाचं वेळापत्रक विचारलं जातं, पस्तीसवाल्याला गावात पेढे भरवले जातात. हे दरवर्षीचं आहे आणि दोघांच्याही आनंदाबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याच निकालात प्रथम श्रेणीत ४,९७,२७७ आणि द्वितीय श्रेणीत ३,६०,६३० मुलं होती. बेरीज साडेआठ लाखांच्या पुढे जाते. पास झालेल्या १४,५५,४३३ मुलांच्या निम्म्याहून चांगलीच जास्त. या मुलांनी कॉलेज कसं निवडावं, याबद्दल त्या आठवड्यात मला वाचायला काहीही मिळालं नाही. तक्रारीची सुरुवात इथून करते.

मी मुळशी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे बावन्न, अठ्ठावन्न, बासष्ट, सहासष्ट अशी मुलं जास्त. निकालाच्या दिवशी जो भेटतो तो "किती पडले?" विचारतो, आकडा ऐकून क्षणभर थांबतो आणि "बरे आहेत" म्हणतो. कशासाठी बरे, ते सांगत नाही. त्याऐवजी गणितात किती, इंग्रजीत किती, एवढं विचारलं तरी मुलाच्या उपयोगी पडेल. टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची असते. सहा विषयांतला सगळ्यात कमी गुणांचा विषय हिशेबातून सुटतो. आमच्या मुलांचा सुटलेला विषय बहुतेक वेळा गणित नाहीतर इंग्रजी असतो, आणि शाखा निवडल्यावर नेमका तोच आडवा येतो. बासष्ट टक्क्यांच्या दोन मुलींच्या गुणपत्रिका शेजारी ठेवल्या तर एकीने कॉमर्सला जावं आणि दुसरीने जाऊ नये, हे दोन मिनिटांत कळतं. ती दोन मिनिटं कोणी काढत नाही. सगळे टक्के बघतात आणि गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत परत जाते.

पूर्वी आमच्याकडे अकरावीचा प्रवेश साधा होता. ऑनलाइन प्रक्रिया पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या कॉलेजांसाठी होती. गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात दाखला घेऊन जायचं, फॉर्म भरायचा, यादी लागायची. २०२५-२६पासून साऱ्या राज्याला एकच ऑनलाइन प्रक्रिया लागू झाली. त्या पहिल्या वर्षी नोंदणी २१ मेला सुरू व्हायची होती, संकेतस्थळ चाललं नाही आणि ती २६ मेपासून सुरू झाली. ते दिवस मी सोडून देते. माझी तक्रार पसंतीच्या दहा रकान्यांबद्दल आहे.

कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं लिहिता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. नियम वाईट नाही, त्याने जागा अडून राहत नाहीत. पण मग पहिल्या रकान्यात काय लिहायचं हे पंधरा वर्षांच्या पोराला कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं. २०२५च्या पहिल्या फेरीत ६,३२,१९४ जणांना कॉलेज मिळालं आणि त्यांतल्या ४,५७,८४१ जणांना पहिलीच पसंती मिळाली. म्हणजे ज्यांना जागा मिळाली त्यांतल्या दर चारांतल्या जवळजवळ तिघांचा निकाल पहिल्याच रकान्यावर लागला. आमची मुलं तो रकाना मित्राच्या फॉर्मवरून भरतात. कॉलेज लागतं, घरी पेढे येतात, आणि मग रात्री वडील विचारतात, "हे आहे कुठं?"

पोर्टलवर कॉलेजचं नाव असतं, कोड असतो, शाखा, माध्यम, फी असते. सकाळची पहिली गाडी किती वाजता आणि शेवटची परतीची किती वाजता, हे नसतं. पौडहून कोथरूड पंचवीस-तीस किलोमीटर. वाटेत पिरंगुटचा घाट, भूगावातली खोळंबलेली वाहनं, मग चांदणी चौक. चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३मध्ये खुला झाला. त्याचा उपयोग झाला, पण चौकापर्यंत पोहोचायचं तर आहेच. कोळवण खोऱ्यातल्या मुलाला आधी पौडला यायचं असतं. ताम्हिणीच्या बाजूच्या मुलाला जुलैत भर पावसात रस्त्यावर उभं राहायचं असतं. सकाळच्या सत्राचं कॉलेज लागलं तर तो अंधारात घर सोडतो आणि पहिल्या तासाला तरीही उशिरा पोहोचतो. ऑगस्टपर्यंत पहिला तास सुटायला लागतो, दिवाळीपर्यंत कॉलेज सुटतं. मुलगा हुशार नव्हता म्हणून टिकला नाही, असं नंतर लोक म्हणतात. या वाक्याचा मला खरोखर राग येतो.

मुलींच्या बाबतीत तर गाडी कोणाची हाही प्रश्न असतो. एसटीत अहिल्याबाई होळकर योजनेखाली मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण ही योजना एसटीची. तिच्या गावाला पीएमपी येत असेल तर हिशेब वेगळा. म्हणून एखाद्या मुलीसाठी एसटीच्या रस्त्यावरचं जवळचं कॉलेज हे शहरातल्या नाव असलेल्या कॉलेजपेक्षा खरंच चांगलं असू शकतं. पिरंगुटला पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचं अनंतराव पवार महाविद्यालय आहे. किती घरांत ते यादीत केवळ "इथलंच आहे" म्हणून खाली सरकतं! जवळ असणं हा त्या कॉलेजचा दोष कसा झाला, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

कटऑफचंही असंच. गेल्या वर्षीच्या पहिल्या फेरीचा आकडा मुलं व्हॉट्सॲपवर बघतात आणि खचतात. तो आकडा म्हणजे त्या फेरीत, त्या प्रवर्गात शेवटी आत गेलेल्या मुलाचे गुण, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या फेऱ्यांत तो बदलतो, दुसऱ्या वर्षी पुन्हा बदलतो. बासष्टवाल्याने तीन वर्षांचे आणि सगळ्या फेऱ्यांचे आकडे बघावेत, जाता येईल अशीच कॉलेजं लिहावीत, आणि शेवटचे दोन-तीन रकाने हमखास मिळणाऱ्या कॉलेजांसाठी ठेवावेत. मी हे फळ्यावर लिहून देते. नव्वदवाल्याला याची गरज पडत नाही. त्याला कुठेतरी चांगलं मिळतंच. ज्याला गरज असते, त्याच्यासाठी मात्र तयार तक्ता कुठे लावलेला नसतो.

फीची गोष्ट जास्त टोचते. एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत अनुदानित तुकडी असते आणि विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यितही असते. पोर्टलवर त्यांच्या ओळी वेगळ्या, फी वेगळी, आणि फरक थोडाथोडका नसतो. अनुदानित जागा वरच्या गुणांवर भरतात. मधल्या गुणांचा मुलगा दुसऱ्या तुकडीत येतो आणि बहुधा तोच घरी पैसे कमी असलेला असतो. पालक फलकावर कॉलेजचं नाव वाचतात, ओळ वाचत नाहीत. एका पालकांनी मला शुल्काची पावती दाखवून विचारलं होतं, "बाई, शेजारच्याचा पोरगा ह्याच कॉलेजात, मग त्याची एवढी कमी कशी?" मी समजावलं. त्यांना समजलं. पैसे परत येण्यासारखे नव्हते.

आणि सायन्स. पंचावन्न टक्के असले तरी सायन्स, कारण "पुढे सगळे दरवाजे उघडे राहतात". इंजिनिअरिंगला सीईटीचा पर्सेंटाइल तर लागतोच, शिवाय बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागास प्रवर्गाला ४० टक्के लागतात. दहावीचं गणित ज्याने सोडलेल्या विषयात घातलं, त्याच्यासाठी तो दरवाजा दोन वर्षांत बंद होतो आणि मधले दिवस क्लासच्या फीत जातात. त्याच मुलाला दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करता आला असता. त्यावरून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही वाट आहे. पिरंगुट-उरवडे पट्ट्यात कारखाने आहेत, हिंजवडी आमच्याच तालुक्यात आहे. हातात काम असलेल्या मुलाला इथे मागणी आहे. तरीही आयटीआयचं नाव काढलं की आई माझ्याकडे अशी बघते, जणू मी तिच्या मुलाचा अपमान केला. तिला दोष देत नाही. तिला आजवर कोणी आयटीआय हा पहिला पर्याय म्हणून सांगितलेलाच नाही. सगळं हुकल्यावरचा म्हणून सांगितला आहे.

मुळशीत शिक्षणसंस्थांची वाण नाही, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. खुबवलीच्या टेकडीवर १९९७पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, तिथे जगभरातली मुलं राहून शिकतात. लवळ्याला सिम्बायोसिस आहे, फ्लेम विद्यापीठ आहे. त्यांनी तिथे असावं, उत्तम चालावं. पण आमच्या मुलांच्या गावांच्या नावांनी हे कॅम्पस देशभर ओळखले जातात आणि आमची मुलं त्यांच्या फाटकांवरून गाडीत उभ्याने कोथरूडला जातात. यात कोणाची चूक शोधत नाही. तालुक्यात जमीन देताना, इमारती उठताना, इथल्या साधारण गुणांच्या मुलांच्या जागांचा विचार कोणाच्या कागदावर होता का, एवढंच मला विचारायचं आहे.

माझं मागणं लहान आहे. कॉलेजांच्या पत्रकांत पहिल्या आलेल्यांचे फोटो असतात. ते असू देत. पण दहावीला पन्नास ते पासष्ट टक्के घेऊन जी मुलं इथे आली, त्यांतली किती बारावी पास झाली आणि किती मधूनच गेली, हा एक आकडा छापा. माहिती नाही असं कोणी म्हणू नये. प्रवेशाच्या नोंदीत दहावीचे गुण असतात, बोर्डाच्या निकालात बारावीचे. कार्यालयातल्या माणसाचं एका दुपारचं काम. ज्या कॉलेजने बासष्टचा मुलगा घेऊन त्याला अडुसष्टवर नेला ते चांगलं कॉलेज, मग फाटक कसंही असो. आणि पंच्याण्णवची मुलं घेऊन पंच्याण्णवची बाहेर काढणाऱ्याने आमच्या मुलासाठी काय केलं, हे आम्हाला कळत नाही. येत्या जूनमध्ये प्रत्येक पालकाला मी हाच प्रश्न कागदावर लिहून देणार आहे, आणि तो कॉलेजच्या खिडकीवर फी विचारण्याआधी विचारायला सांगणार आहे.