स्टुलावरचे नाना

रामबाग म्हणा, लोकमान्य नगर म्हणा, सुदामा नगर म्हणा, इंदूरच्या कुठल्याही मराठी वस्तीत एक नाना असतोच. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त झालेला. सकाळी पोहे-जलेबी, संध्याकाळी शतपावली आणि मधल्या सगळ्या वेळात एकच काम: आता पुढे काय वाचायचं ते ठरवणं. ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं तर नाना दुखावतात. ‘आता काय वाचायला घेणार?’ असं विचारलं की खुर्ची पुढे करतात.

आमच्या नानांकडे तीन कपाटं आहेत. मराठी साहित्य संमेलन इंदुरात तीनदा भरलं आणि दर संमेलनामागे या घरात एक कपाट वाढलं. १९१७ साली ग. ज. आगाशे अध्यक्ष होते. ते कपाट आजोबांचं. त्यातलं बरंचसं वाळवीनं वाचून संपवलंय. घरातली चिकाटीची वाचक म्हणाल तर तीच. १९३५ साली औंधचे राजेसाहेब, भवानराव पंतप्रतिनिधी. ते कपाट वडिलांचं. राजेसाहेब सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते, म्हणून सूर्यनमस्कारांवरचं एक पुस्तक त्या कपाटात वरच्या फळीवर आहे. नाना ते महिन्यातून एकदा काढतात, फडक्यानं पुसतात आणि परत ठेवतात. तेवढाच व्यायाम. आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या तेव्हाचं तिसरं कपाट खुद्द नानांचं. त्या प्रदर्शनातून आणलेल्या एका गठ्ठ्याची सुतळी अजून सुटलेली नाही. “गाठ फार सुरेख मारलीय हो त्या पोऱ्यानं,” नाना सांगतात.

पुस्तक निवडायचे नानांचे नियम पंचांगापेक्षा कडक. उन्हाळ्यात जाड कादंबरी नाही, घामानं पानं चिकटतात. पावसाळ्यात आत्मचरित्र नाही, आधीच उदास वाटतं. पितृपक्षात नवीन पुस्तक सुरू करायचं नाही. झोपून वाचायचं तर चारशे पानांच्या वर नको, छातीवर वजन येतं. विनोदी पुस्तक रात्री नको, कारण नानी जागी होते. या सगळ्यातून वर्षाकाठी फार तर आठ-दहा दिवस मोकळे उरतात आणि त्या दिवसांत नेमकं कुणाचं तरी लग्न निघतं.

नाना वाचत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. निवडायला म्हणून ते स्टुलावर चढतात. वरच्या फळीवरचं एखादं पुस्तक काढतात, उगीच मधलं पान उघडतात आणि तिथंच अडकतात. एक पाय स्टुलावर, दुसऱ्याचा अंगठा खालच्या फळीच्या कडेला, चष्मा कपाळावर. पाऊण पाऊण तास. नानी खालून चहाची कपबशी उंच धरते आणि नाना वरून हात खाली सोडतात, देवळातल्या घंटेचा दोर चाचपावा तसा. नानांचं आयुष्यातलं निम्मं वाचन जमिनीपासून दीड फूट वर झालेलं आहे. खाली उतरले की पुस्तक बंद. “हे नाही. पुढचं दुसरं घेऊ.”

नाना फक्त एका गोष्टीला भितात, सकाळच्या कचरागाडीला. स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं शहर. गाडी गाणं वाजवत दारात येते आणि ओला-सुका वेगळा मागते. त्या गाण्याची पहिली ओळ गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की नाना पहिल्या कपाटापुढे येऊन उभे राहतात. नानी एकदाच म्हणाली होती, “वाळवीनं खाल्लेलं हे ओल्यात जाईल की सुक्यात?” त्यानंतर त्या कपाटाला कुलूप आलं.

नानांची खरी नस मला उशिरा सापडली. तुम्ही जे पुस्तक मागाल, तेच नाना त्या दिवशी सुरू करणार असतात. मी ‘रणांगण’ मागितलं, तर “अरे भिया, आत्ताच काढून ठेवलं होतं बघ!” ‘स्मृतिचित्रे’ मागितलं, तर “उद्यापासून तेच.” हे नानीच्याही लक्षात आलेलं. एकदा तिनं मला जिन्यात गाठलं आणि हळूच म्हणाली, “ते गोडसे भटजींचं मागून बघ ना. अकरा वर्षं उशाशी पडलंय, गादी झटकताना माझ्या पायावर पडतं.”

मी मागितलं. नानांनी छातीशी धरलं. “‘माझा प्रवास’? तेच चालू आहे माझं!” उघडून दाखवलं. पुढची काही पानं वाचलेली, आत इंदूरच्या ‘सानंद’ संस्थेच्या कुठल्याशा जुन्या नाटकाची पत्रिका खूण म्हणून. भटजी १८५७ साली वरसईहून उत्तरेला निघाले आणि महूच्या आसपास त्यांना बंडाची कुणकुण लागली. नाना त्यांच्याबरोबर तिथवर गेले आणि थांबले.

“अकरा वर्षं, नाना?”

“प्रवास कधीचा? १८५७ चा. छापून कधी आला? १९०७ ला. पन्नास वर्षं! आणि अकरा वर्षांचा हिशेब तू मला विचारतोस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मात्रा लागू पडली होती. नाना लगेच पुस्तक घेऊन खुर्चीत बसले. स्टुलावर नाही, खुर्चीत. नानीनं मला आतून खूण केली आणि डब्यातून शेव काढून दिली.

आठ दिवसांनी गेलो. खुर्ची रिकामी, नाना स्टुलावर. खाली जमिनीवर होळकरांच्या इतिहासाची दोन पुस्तकं, माळव्याचा एक फाटका नकाशा आणि कसलीशी जुनी बखर. महूची छावणी तेव्हा नेमकी कशी होती, ते आधी बघायला नको का? त्याशिवाय पुढे कसं जायचं?

“म्हणजे भटजी अजून महूलाच?”

“महूलाच,” वरून आवाज आला.

“मग इथून वीस-पंचवीस किलोमीटर तर आहेत,” नानी स्वयंपाकघरातून म्हणाली. “म्हणावं, सकाळी या. पोहे टाकते.”