काळी चार

शांतता हवी म्हणून कुणी खांबला येत नाही. एका अंगाला सुकेळी खिंड, दुसऱ्या अंगाला कोलाड आणि गावाला लागून मुंबई-गोवा महामार्ग. खिंड उतरलेला ट्रकवाला सपाटीला लागला की सुटकेचा निःश्वास टाकतो, तो हॉर्नमधूनच. २०११ मध्ये पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम निघालं आणि पुढची कित्येक वर्षं पोकलेन, डंपर आणि खड्ड्यात आदळणारी एसटी हाच इथला वाद्यवृंद होता. अशा जागी, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, आप्पांनी घरात रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला. हाकेच्या अंतरावर हे अगदी शब्दशः घ्यावं. रस्त्यावरून कुणी "ओ आप्पा" म्हटलं की ते ट्रॅकवर येतं.

आप्पांचा नमुना पेणपासून पोलादपूरपर्यंत दर दोन-चार गावांआड सापडतो. पेटी लहानपणी भजनात बसून शिकलेली, नोकरी धाटावच्या एमआयडीसीत केमिकलच्या प्लांटवर, आणि निवृत्त होताच फंडाचे पैसे खिशात घालून लॅमिंग्टन रोडची वाट. घरच्यांना वाटतं, आता मोरीला टाइल्स बसतील. टाइल्सच्या जागी येतो कंडेन्सर माइक. मग ऑडिओ इंटरफेस, मग स्पीकरची जोडी, मग मुलाचा जुना लॅपटॉप मुलाकडूनच विकत घेतलेला. आयुष्यभर मशिनच्या घरघरीत कान भाजून घेतलेला हा माणूस उरलेल्या आयुष्यात मुंगी चालली तरी ऐकायला बसतो.

स्टुडिओ म्हणजे मागीलदारची भाताची कोठी. वर पत्रा, भिंतींना गोधड्या, गोधड्यांवर अंड्यांचे ट्रे. अंड्यांच्या ट्रेने आवाज अडत नाही. आवाज अडवायला भिंतीला वजन लागतं, आणि अंडी काढून घेतल्यावर ट्रेचं वजन उरतं किती? फार तर खोलीतला घुमारा थोडा मोडतो. हे कुणी आप्पांना सांगून पाहावं. ते ट्रेवर टिचकी मारून म्हणतात, "ऐक, कसा डेड आवाज!" तेवढ्यात बाहेरून कंटेनर जातो आणि ट्रेसकट भिंत थरथरते. "ती लो फ्रिक्वेन्सी," आप्पा म्हणतात, "तिचं काय करता येत नाय."

जिचं काही करता येत नाही तिचा राग मग इतरांवर निघतो. दारावरचा लाल झिरोचा दिवा लागला की घरात कुकर नाही, मिक्सर नाही, पंखा नाही. मे महिन्यातही नाही. कोरसच्या बायकांनी बांगड्या काढून ताटलीत ठेवायच्या. ज्या काढणार नाहीत त्यांच्या मनगटाला रुमाल. खोकला आलेल्याने बोट वर करून बाहेर जायचं आणि अंगणात, विहिरीच्या पलीकडे, मनसोक्त खोकून परत यायचं. शेजारच्यांचा कोंबडा अवेळी आरवायचा, तर आप्पांनी त्याची रोख किंमत मोजली आणि रविवारी त्याचा निकाल लावला. मी तिथे टाळ वाजवायला जातो. माझ्या शर्टाची बटणंसुद्धा एकदा त्यांनी आवाज करतात म्हणून तपासली आहेत.

गिऱ्हाईक तसं बरं येतं. भजनी मंडळं येतात, हळदीची गाणी म्हणणाऱ्या बायका येतात, सप्ताहाची जाहिरात येते. पण पैसा आहे तो रिक्षावरच्या घोषणांत. 'भव्य टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा' हे शब्द आप्पांनी जितक्या वेळा रेकॉर्ड केलेत तितक्या वेळा विठ्ठलाचं नाव घेतलं नसेल. खरा हंगाम गणपतीच्या गाण्यांचा. पेणच्या कारखान्यांत मूर्तींवर शेवटचा हात फिरत असतो तेव्हा इकडे गाण्यांवर फिरतो, म्हणजे नेमका आषाढात. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस घेणाऱ्या तालुक्यात, पत्र्याखाली, कंडेन्सर माइक! बुवा तोंड उघडतात आणि वरून सर येते. सर थांबली की बेडूक. बेडूक थांबले की आप्पा हात वर करतात, आम्ही श्वास धरतो, आणि लाइट जाते.

याच दिवसांत शेतात पाणी भरतं आणि बांधावरचे उंदीर घरात येतात. कोठीला भाताचा वास अजून होताच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, म्हणजे आवाज भरीव होतो. वाजवून झाल्यावर ती खरवडून काढायची असते, पण पखवाजवाल्याला शेवटची एसटी गाठायची असते. राहिलेली कणीक उंदरांनी आधी खाल्ली, मग चामडं खाल्लं, आणि चामड्यावर तोंड बसल्यावर केबलकडे वळले. एका अभंगाच्या ऐन मध्यावर डावा स्पीकर मुका झाला. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतून मांजर आलं.

एवढंसं, काळं कुळकुळीत. दाराबाहेर बसून ओरडू लागलं, तर आप्पांनी दूध देण्याआधी मोबाइलवरचा ट्यूनर लावला. काळी चार, म्हणजे पेटीतली चौथी काळी पट्टी. पुन्हा ओरडलं, पुन्हा काळी चार. "पाव श्रुती हलत नाय!" आप्पांनी घरभर सांगितलं. रंग काळा, पाय चार, सूर काळी चार. नाव ठेवायला भटजी लागला नाही. काकी, म्हणजे आप्पांची बायको, तिला मनी म्हणतात. ती दोन्ही नावांना ओ देत नाही. पुढे एकदा हळदीच्या गाण्याला कोरसच्या बायका पट्टी सोडून घसरल्या तेव्हा आप्पा त्यांना म्हणाले, "या मांजरीला पेटी द्यावी लागत नाय, नि तुम्हाला?" त्या बायका पुढच्या वेळी नागोठण्याला दुसऱ्याकडे गेल्या.

पहिल्या पावसाळ्यात काळी चारने उंदीर धरले, यात वाद नाही. त्या बळावर ती कायम झाली आणि कायम झाल्यावर जे होतं तेच झालं. आता उंदीर कोपऱ्यातून जातो, ती बघते, आप्पा तिच्याकडे बघतात, आणि उंदराचं काम उरकतं. तिची बसायची जागा तबल्याची चुंबळ. तबलजी येतो तेव्हा चुंबळीत मांजर असतं. उठवायचं नाही, ही घरची रीत. तबला मग टॉवेलच्या गुंडाळीवर बसतो आणि द्रुत लयीत हळूहळू पेटीवाल्याच्या दिशेने सरकत जातो. थंडीत ती ॲम्प्लिफायरवर झोपते, कारण तो गरम असतो. उन्हाळ्यात ती लॅपटॉपच्या कीबोर्डवरून येरझारा घालते. स्पेसबारवर पाय पडला की चाललेला टेक थांबतो. इतर कुठे पडला की काय होतं ते सांगता येत नाही. एका हळदीच्या गाण्याला असा काही विहिरीतून आल्यासारखा आवाज लागला की लोकांनी आप्पांना विचारलं, हा इफेक्ट कोणता. आप्पा गालात हसले. तो कोणता ते फक्त चौथ्या पायाला माहीत.

मांजरीच्या गुरगुरण्याचं प्रकरण मात्र गंभीर होतं. सप्ताहाच्या एका रेकॉर्डिंगमध्ये मागे बारीक घूं घूं येऊ लागली. आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलं की तीच घरघर ट्रॅकवर उतरते, हे आप्पांना पाठ. त्यांनी वायरमन आणला. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घातला, नवी पट्टी गाडली. घूं घूं तशीच. दुसरी केबल, दुसरा सॉकेट, शेवटी घरातला फ्रीज बंद, त्यात काकींचं दही आंबलं. मग आप्पांनी हेडफोन लावून, डोळे मिटून, माइक हातात धरून खोलीभर फिरायला सुरुवात केली, आणि आवाज जिथे सर्वांत मोठा आला तिथे डोळे उघडले तर समोर गोधडीच्या घडीत काळी चार. मांजर गुरगुरतं ते साधारण २५ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे विजेच्या घरघरीच्या बरोबर खालच्या सप्तकात, आणि त्याच आवाजाचा वरचा पडसाद ५० वर येतो. वायरमन काय, भलाभला फसेल. दुसरा कुणी असता तर मांजर बाहेर काढलं असतं. आप्पा तिच्यापुढे उकिडवे बसून म्हणाले, "खर्जाचा रियाज करते गो माझी बाय!" वायरमनचे पैसे काकींनी दिले.

तेव्हापासून आप्पांचं मत पक्कं झालं की या घरात आपल्यापेक्षा वरचढ कान एकच आहे. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६०,००० च्या पुढे. हा आकडा त्यांनी कुठेतरी वाचला आणि त्याचा शासकीय आदेश केला. टेक चालू असताना तिचा कान भिंतीकडे वळला की आप्पा हात वर करून सगळं थांबवतात. "काहीतरी आलं ट्रॅकवर." कुणालाच काही ऐकू आलेलं नसतं. माइकलाही नाही, कारण माइकची धाव माणसाच्या कानापुरतीच. तरी टेक पुन्हा घ्यायचा. बुवांचा घसा, आमची मनगटं आणि तिचा कान, यात निर्णय कुणाचा हे कोठीत शिरणाऱ्याने आधीच समजून घ्यावं.

आप्पांकडे या विषयावर पुराणही तयार असतं. इटलीचा स्कारलाती नावाचा संगीतकार होता, त्याची मांजर पियानोच्या जुन्या भावंडावर चालत गेली आणि त्या सुरांवरून त्याने रचना केली, अशी गोष्ट सांगतात. आप्पा ती सांगतात तेव्हा मांजरीने रचना केली आणि स्कारलातीने टिपून घेतली. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे तर त्यांच्या लेखी घरचाच माणूस, कारण तो पाचगणीच्या शाळेत शिकला आणि पियानोही तिथेच शिकला. त्याने १९९१ च्या अल्बममध्ये आपल्या डिलायला या मांजरीवर अख्खं गाणं केलं आणि त्यात गिटारीतून म्यांव काढून घेतलं. "पाचगणी म्हणजे महाबळेश्वरच्या पलीकडं," आप्पा बुवांना समजावतात. अमेरिकेत एका चेलोवादकाने खास मांजरांसाठी संगीत केलं, २०१५ मध्ये त्यावर संशोधनही छापून आलं की मांजरांना माणसांच्या गाण्यापेक्षा तेच आवडतं. आप्पांनी ते मोबाइलवर शोधून काळी चारला ऐकवलं. ती उठून चुलीपाशी गेली. आप्पांनी निष्कर्ष काढला की तिला भारतीय संगीतच लागतं. काकींनी निष्कर्ष काढला की चुलीवर बोंबील होते.

हे बोंबील पुढे महत्त्वाचे ठरले. सुकेळीच्या पलीकडचे एक बुवा रेकॉर्डिंगला येतात. गळा गोड, वय झालेलं, गळ्यात तुळशीची माळ. ते चढ्या सुरात आलापीला लागले की काळी चार त्यांच्या मांडीवर चढते. का, ते तिलाच ठाऊक. परवा टेक रंगात आला होता, पाऊस थांबला होता, ट्रकसुद्धा जणू खिंडीपलीकडे अडवून धरले होते, आणि ती येऊन बसली. बुवांनी गाता गाता नाक आक्रसलं. कडवं संपताच ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले,

"आप्पा, ही बोंबील खाऊन आलीय."

"बुवा, हलू नका. टेक सोन्यासारखा चाललाय."

"माझ्या गळ्यात माळ आहे हो!"

"तिची काय हरकत नाय."

तेवढ्यात तिला माळेचं लोंबतं टोक दिसलं. तिने पंजा मारला. टक्. पुन्हा मारला. टक् टक्. बुवा रडवेल्या सुरात दुसरं कडवं गात होते आणि तो आर्तपणा खरोखर काळजाला भिडणारा होता. बांगड्यांना रुमाल बांधणाऱ्या, बटणं तपासणाऱ्या आप्पांनी हेडफोनवर हात दाबला, डोळे मिटले आणि मला खूण केली, टाळ जरा पुढे घे, त्यात ते टक् टक् खपेल. मी मांजरीच्या लयीत टाळ वाजवला. ती सम चुकत होती. आम्ही सगळे तिच्याबरोबर चुकलो.

काकी हे दारातून बघत होत्या. बारा कधीच वाजून गेले होते. भात निवत चाललेला, कुकर लावायची बंदी, भांडं वाजवायची बंदी, आणि टेक संपण्याचं नाव नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी सुक्या बोंबलाच्या डब्याचं झाकण, अगदी हळू, अंगठ्याने वर केलं. आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही. बुवांच्या मांडीवरून काळं काहीतरी सणाणत गेलं, पॉप फिल्टर आडवा झाला, आणि स्वयंपाकघरातून काळी चारचा सूर लागला, स्वच्छ, लांब, दमदार. टेक संपला. आप्पांनी हेडफोन काढून मान डोलावली आणि जेवायला चला म्हणाले.

आता हे काकींच्या हाती आलेलं शस्त्र आहे. पण ते त्यांच्याकडेच राहिलेलं नाही. चढे सूर घेताना दम लागला, सतरावा टेक अठराव्याकडे निघाला आणि आप्पांचा हात काही खाली येईना, की बुवा पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दाराशी जातात आणि माळ धरून, हळूच म्हणतात, "वहिनी, तो डबा जरा उघडता का?"