बिघडलेल्या पिढ्यांचा संक्षिप्त इतिहास : परतूर खंड

तरुण पिढी बिघडत चालली आहे, हा मानवजातीच्या अत्यंत जुन्या सिद्धान्तांपैकी एक असून, तरुणांना बिघडवल्याच्या आरोपावरून इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसला विषाचा प्याला घ्यावा लागला, यावरून त्याच्या प्राचीनत्वाची खात्री पटते. जालना जिल्ह्यातील परतूर या तालुक्याच्या गावी त्याचा अभ्यास विशेष सोयीने करता येतो. कारण रेल्वे स्टेशन, बसस्थानक, चहाची हॉटेले आणि कापूस-सोयाबीनचे भाव बोलून संपल्यावर उरलेला वेळ, अशी चिंतेला लागणारी सर्व सामग्री तेथे सहज उपलब्ध असते.

बिघडणे म्हणजे वडीलधाऱ्यांना जे करावेसे वाटले परंतु साधले नाही ते उघडपणे करणे, अशी व्याख्या स्वीकारली, तर एकाच घरात राहून तीन पिढ्या तीन निरनिराळ्या प्रशासनांखाली बिघडल्याचे येथे दिसते. १९५२ मध्ये केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आवर घातला, तेव्हा रेडिओ सिलोनचे स्टेशन शोधत आजोबा हैदराबाद राज्यात बिघडले. १९७० च्या दशकात बेलबॉटम शिवून आणि कान झाकतील इतके केस राखून वडील परभणी जिल्ह्यात बिघडले. पुढे १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होऊन परतूर तालुका त्यात गेल्याने नातवाला, गाव न सोडता, जालना जिल्ह्यात बिघडावे लागले. तिन्ही वेळा गावाचे निदान मात्र "लेकरं हाताबाहीर गेले" हेच राहिले असून, आज ते सर्वांत ठामपणे उच्चारणारे गृहस्थ बहुधा बेलबॉटमवालेच असतात.

नातवाच्या बिघडण्याचे साधन रील हे आहे. रील म्हणजे काही सेकंदांचा असा चित्रफितीचा तुकडा, जो एकच पाहायचा म्हणून उघडला जातो आणि जेवणाचे ताट गार होईपर्यंत संपत नाही. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्याने हे साधन घरोघरी पोचले आणि जून २०२० अखेरीस केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. तरी त्यानंतर परतुरातील तरुण पहाटे उठून पाढे म्हणू लागल्याची नोंद कोठे आढळत नाही.

उपाय मुळीच नाहीत असे नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली, आणि तिचे मर्म असे की टीव्ही बंद होताच मालिका पाहणाऱ्या मोठ्यांनाही त्यागात सहभागी व्हावे लागते. त्याचप्रमाणे नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाने २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास पाचशे रुपये दंडाचा ठराव केला. असा ठराव परतुरात झाल्यास नगरपरिषदेच्या तिजोरीत पहिली भर तरुण घालतील की ज्येष्ठ, हा संशोधनाचा विषय आहे. शिव्या मोबाइलमुळेच आल्या असे मानले, तर मोबाइलपूर्व काळातील मराठवाड्याच्या त्या क्षेत्रातील समृद्धीचा उलगडा होत नाही.

याउलट, तरुणांपुढे नित्य असलेले पाठ्यपुस्तक तपासले जात नाही. साधेपणाचा सुविचार सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवणारे काका संध्याकाळी स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात जोडून उभे दिसतात. हुंड्यास १९६१ च्या कायद्याने मनाई असल्याने लग्नाच्या बैठकीत 'हुंडा' हा उच्चार टाळून 'तुमच्या मनाने जे द्याल ते' असे म्हटले जाते. आणि घरी वसुलीसाठी कोणी आले की "बाबा नाहीत म्हणून सांग" असा सत्यवचनाचा पहिला धडा खुद्द बाबाच देतात. हे तिन्ही अभ्यासक्रम कोणत्याही परदेशी कंपनीने तयार केलेले नाहीत, आणि ते इंटरनेट बंद असतानाही चालू राहतात.

मोबाइल निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. रात्री दोनपर्यंत रील पाहणारा मुलगा सकाळी वर्गात पेंगतो, हे खरेच आहे. तथापि त्याच्या मूल्यांची चौकशी करायची असेल, तर त्याच्या मोबाइलचा पासवर्ड मागण्यापूर्वी वडिलांनी आपला मोबाइल त्याच्या हाती द्यावा. ज्या घरात हे बिनधोक करता येते, त्या घरातील लेकरांची काळजी गावाने करू नये.