अकरा ओळींचा संसार

मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या, एवढंच ‘लेफ्ट-पॅड’ या जावास्क्रिप्ट पॅकेजचं काम. कोड जेमतेम 11 ओळींचा. मार्च 2016मध्ये दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, ‘लेफ्ट-पॅड’च्या लेखकाने रुसून आपलं सगळं बिऱ्हाड एनपीएम या पॅकेजांच्या कोठारावरून हलवलं आणि ‘लेफ्ट-पॅड’वर विसंबलेले जगभरातले बिल्ड धडाधड आपटले. शेवटी त्या 11 ओळी सन्मानाने परत आणाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी जावास्क्रिप्टने हेच काम करणारं ‘पॅडस्टार्ट’ घरातच दिलं.

आम्ही प्रोग्रामर शहाणे झालो? छे! आजही किरकोळ कामासाठी एखादं पॅकेज बोलवावं, तर ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये त्याच्यासोबत अख्खं वऱ्हाड उतरतं. चमचाभर साखरेसाठी आम्ही साखर कारखानाच दारात उभा करतो; मळीचं काय करायचं, ते पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू.